साडेसात टनांचा रणगाडा

दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांची नावे निघाली की शेर्मन, टी-३४, टायगर, पँथर ही नावे आपसूक पुढे येतात. त्यांच्या लढायांवर जाडजूड ग्रंथ आहेत, चित्रपट आहेत. टेट्रार्कचे नाव त्यांच्यात सहसा येत नाही. ब्रिटनमध्ये बनलेल्या या हलक्या रणगाड्याची संख्या दोनशेच्या आतच राहिली. एकही मोठी लढाई त्याच्यामुळे जिंकली गेली नाही, आणि जर्मन रणगाड्यासमोर उभे ठाकण्याची ताकद त्याच्यात कधीच नव्हती. तरीही ६ जून १९४४ या दिवशी दोस्त सैन्य फ्रान्समधल्या नॉर्मंडीत उतरले तेव्हा जे घडले, त्यातल्या दोन धाडसी कल्पनांची सुरुवात याच रणगाड्यापासून झाली होती. एक, रणगाडा समुद्रात सोडून पोहत किनाऱ्याला आणायचा. दुसरी, रणगाडा आकाशातून शत्रूच्या मुलखात उतरवायचा. दोन्ही कामांसाठी टेट्रार्कलाच हाताशी धरले गेले, कारण तो हलका होता. ज्या हलकेपणामुळे रणांगणावर त्याचा निभाव लागत नव्हता, त्याच हलकेपणामुळे इतिहासात त्याची जागा पक्की झाली.

कंपनीने स्वतःच्या खर्चाने काढलेला रणगाडा

१९३०च्या दशकात ब्रिटिश लष्कराचे हलके रणगाडे म्हणजे मशीनगन बसवलेल्या छोट्या चिलखती गाड्या होत्या. पुढे जाऊन टेहळणी करायची आणि साम्राज्याच्या दूरच्या सरहद्दींवर बंदोबस्त ठेवायचा, ही त्यांची कामे. हे रणगाडे बनवण्यात विकर्स-आर्मस्ट्राँग्ज ही कंपनी आघाडीवर होती. १९३७ मध्ये या कंपनीने लष्कराच्या मागणीची वाट न पाहता, स्वतःच्या खर्चाने नवा हलका रणगाडा आखायला घेतला. आराखड्याची जबाबदारी लेस्ली लिटल यांच्याकडे होती. त्या वर्षाच्या डिसेंबरात पहिला नमुना उभा राहिला, आणि १९३८ च्या मे महिन्यात लष्कराने त्याच्या चाचण्या सुरू केल्या.

आधीच्या हलक्या रणगाड्यांपेक्षा हे यंत्र फार वेगळे होते. यात मशीनगनच्या जोडीला खरी रणगाडाभेदी तोफ होती. ४० मिलिमीटर व्यासाची ही दोन पौंडी तोफ त्या काळात ब्रिटनच्या मोठ्या रणगाड्यांवरही बसवली जात होती. आत माणसे तीनच : चालक, तोफ चालवणारा गोलंदाज आणि कमांडर. तोफेत गोळा भरण्याचे कामही कमांडरकडेच होते. म्हणजे शत्रू कुठे आहे ते पाहणे, चालकाला आणि गोलंदाजाला हुकूम देणे आणि गोळे भरणे या तिन्ही गोष्टी ऐन लढाईत एकाच माणसाने करायच्या. मागच्या बाजूला १६५ अश्वशक्तीचे, बारा सिलिंडरचे मेडोज इंजिन होते. एकूण वजन सुमारे ७.६ टन असल्याने रस्त्यावर हा रणगाडा ताशी ६४ किलोमीटरपर्यंत पळत असे. १९३८ साली हा वेग थक्क करणारा होता.

त्याची खरी कारागिरी मात्र वळण्यात होती. नेहमीचा रणगाडा वळतो तो एका बाजूचा पट्टा मंदावून किंवा थांबवून. दोन बाजूंच्या वेगात फरक पडला की ते धूड फिरवले जाते. यात इंजिनाची बरीच ताकद ब्रेकमध्ये आणि जमीन उकरण्यात वाया जाते. टेट्रार्कच्या प्रत्येक बाजूला चार मोठी चाके होती आणि ही चाके वळवता येत. चालकाने हातातले चाक फिरवले की ही आठही चाके थोडी वळत आणि कलत, आणि त्यांच्यावरून जाणारा पोलादी पट्टाच धनुष्यासारखा बाक घेई. रणगाडा मोटारीसारखा सहज वळणावर जाई, वेग न गमावता. वळण फारच तीव्र असेल तरच एका बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लावावा लागे. पट्टा वाकवण्याची ही कल्पना विकर्सच्या छोट्या वाहनांत आधीपासून थोड्या प्रमाणात होती. तिच्यावर एका रणगाड्याची सगळी चाल उभी करण्याचे धाडस टेट्रार्कच्या वेळी झाले.

हे सगळे बसवण्यासाठी किंमत मोजली ती चिलखताने. सर्वांत जाड ठिकाणी ते सुमारे १४ मिलिमीटर होते. रायफलच्या आणि मशीनगनच्या गोळ्या त्यावर अडत. तोफेचा गोळा अडणे शक्य नव्हते. त्याच काळातल्या ब्रिटिश मटिल्डा रणगाड्याचे समोरचे चिलखत ७८ मिलिमीटर होते, यावरून फरक लक्षात यावा.

वॉर ऑफिसला, म्हणजे ब्रिटनच्या युद्धखात्याला, हा रणगाडा कुठल्या खान्यात घालावा हे कळेना. धावत्या घोडदळी हल्ल्यांसाठी त्यांच्याकडे अधिक दणकट ‘क्रूझर’ रणगाडे येऊ घातले होते. टेहळणीसाठी हा जरा महागच होता. तरी युद्धाचे सावट दिसत होते आणि विकर्सचे कारखाने रिकामे ठेवणे शहाणपणाचे नव्हते. आधी ७० आणि मग १२० रणगाड्यांची मागणी नोंदवली गेली. उत्पादन १९४० च्या उन्हाळ्यात सुरू व्हायचे ठरले.

वेळ चुकली

पण त्याच उन्हाळ्यात फ्रान्स पडला. ब्रिटिश सैन्य डंकर्कहून माणसे घेऊन परतले, आणि शेकडो रणगाडे तिथेच सोडून आले. त्यांतले बहुतेक हलके होते. पातळ चिलखताच्या गाड्या जर्मन तोफांपुढे कशा फाटतात, हे सैन्याने प्रत्यक्ष पाहिले होते. इंग्लंडवर स्वारी होण्याची भीती असताना कारखान्यांनी आधी जाड चिलखताचे रणगाडे बनवावेत असे ठरले, आणि हलका रणगाडा मागे पडला. पुढे टेट्रार्कचे काम विकर्सकडून मेट्रोपॉलिटन-कॅमेल या कंपनीकडे गेले. तिथे जर्मन बाँबहल्ल्यांनी खोळंबा झाला. मागणीचे आकडे वरखाली होत राहिले.

जे रणगाडे तयार झाले ते आघाडीच्या चिलखती डिव्हिजनांना दिले गेले खरे, पण त्या डिव्हिजना उत्तर आफ्रिकेला निघाल्या तेव्हा टेट्रार्क घरीच राहिले. इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था वाळवंटातल्या उष्म्याला पुरी पडणारी नव्हती. ब्रिटनचे सैन्य ज्या एकमेव मोठ्या आघाडीवर तेव्हा रणगाड्यांनी लढत होते, तिथेच हा रणगाडा जाऊ शकत नव्हता. त्यांपैकी वीस रणगाडे सोव्हिएत युनियनला मदत म्हणून पाठवले गेले. काकेशसच्या परिसरात लाल सैन्याने ते १९४३ पर्यंत वापरले.

एवढ्यावर ही कथा संपली असती. पण फ्रान्स हातचा गेल्यामुळे ब्रिटनपुढे एक नवा प्रश्न उभा राहिला होता. युरोपात परत पाऊल ठेवायचे तर ते समुद्र ओलांडून किंवा आकाशातून. पायदळ बोटीतून उतरेल, छत्रीनेही उतरेल. त्याच्या सोबतीला पहिल्याच घटकेला रणगाडा कसा पोचवायचा?

पाण्यावर

निकोलस स्ट्रॉस्लर हे हंगेरीत जन्मलेले आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले अभियंते. रणगाड्याला तरंगवण्याची तोवरची एक वाट अशी होती : त्याला दोन्ही बाजूंनी मोठाले पोकळ तराफे बांधायचे. अशा तराफ्यांसह रणगाडा इतका रुंद होई की उतरणीच्या बोटीत तो मावत नसे. स्ट्रॉस्लरनी वेगळा विचार केला. तरंगण्यासाठी लागते ते बाजूला सारलेले पाणी. मग रणगाड्याभोवती कॅनव्हासचा उंच पडदा उभा केला आणि त्याचा खालचा काठ रणगाड्याच्या अंगाला पाणी न शिरेल असा जोडला, तर आतली पोकळी बोटीचे काम करील. रणगाडा प्रत्यक्षात पाण्याच्या पातळीखाली राहील, पण पडद्याच्या आत कोरडा राहील. इंजिनाची ताकद पाण्यात पंख्याला आणि जमिनीवर पट्ट्यांना द्यायची. किनाऱ्याला लागताच पडदा खाली पाडला की तोफ मोकळी.

ही कल्पना पहिल्यांदा अंगावर घेतली ती टेट्रार्कने. १९४१ च्या जूनमध्ये लंडनच्या वायव्येला असलेल्या ब्रेंट जलाशयात पडदा लावलेला टेट्रार्क पोहला. प्रयोग पाहायला जनरल ॲलन ब्रुक हजर होते. काही महिन्यांतच ते ब्रिटिश सैन्याचे सर्वोच्च अधिकारी होणार होते. हलक्या रणगाड्याला थोडे पाणी बाजूला सारून भागते, पडदा फार उंच लागत नाही, म्हणून पहिली चाचणी त्याच्यावर करणे सोपे होते. तत्त्व सिद्ध झाल्यावर ते जड रणगाड्यांना लागू करता आले. आधी व्हॅलेंटाइन, मग तीस टनांचा शेर्मन.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पहिल्या लाटेत याच पद्धतीचे शेर्मन उतरले. ओमाहा किनाऱ्यासमोर अमेरिकेच्या एका रणगाडा बटालियनने २९ शेर्मन खवळलेल्या समुद्रात फार दूरवर सोडले, आणि त्यांतले २७ बुडाले. स्वोर्ड किनाऱ्यावर मात्र ब्रिटिशांचे बहुतेक रणगाडे पोहत पोचले आणि पायदळाला पहिल्या मिनिटांपासून तोफेचा आधार मिळाला. कॅनव्हासच्या पडद्याला लाटांची मर्यादा होती, ती ओमाहाला फार महागात पडली. पण ज्यांनी ती ओळखली, त्यांना स्ट्रॉस्लरच्या युक्तीने हात दिला.

मादागास्कर

टेट्रार्क प्रत्यक्ष लढला तो सर्वप्रथम हिंदी महासागरात. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले. एप्रिलमध्ये जपानी आरमाराने कोलंबोवर हल्ला केला. भूमध्य समुद्राचा मार्ग धोक्याचा झाल्याने इजिप्तला आणि भारताला जाणारी ब्रिटिश जहाजे तेव्हा आफ्रिकेला वळसा घालून जात, आणि त्या मार्गावर मादागास्कर बेट आडवे होते. बेट व्हिशी फ्रान्सच्या, म्हणजे जर्मनीशी तह केलेल्या फ्रेंच सरकारच्या, ताब्यात होते. त्याच्या उत्तर टोकाचे दिएगो सुआरेझ हे उत्तम बंदर जपानच्या पाणबुड्यांना मिळाले, तर भारताकडे येणारा पुरवठाच कापला जाण्याची भीती होती. म्हणून ब्रिटिशांनी ते आधी घ्यायचे ठरवले.

५ मे १९४२ च्या पहाटे सैन्य बेटाच्या पश्चिम बाजूच्या उपसागरांत उतरले, कारण बंदराच्या पूर्वेकडच्या तोंडावर तोफा रोखलेल्या होत्या. त्यांच्यासोबत बी स्पेशल सर्व्हिस स्क्वॉड्रन हे छोटे रणगाडा दल होते : सहा व्हॅलेंटाइन आणि सहा टेट्रार्क. जमिनीवरून पूर्वेकडे सरकत बंदरालगतचे आंत्सिरान शहर पाठीमागून गाठायचे, असा बेत होता. सुरुवातीची वाटचाल ठीक झाली. शहराच्या दक्षिणेला मात्र फ्रेंचांनी पहिल्या महायुद्धाच्याही आधीपासून बांधलेली मोर्चेबंदीची ओळ होती. खंदक, तटबंदी, ७५ मिलिमीटरच्या तोफा. रणगाडे पायदळाला मागे सोडून पुढे गेले आणि या तोफांच्या तोंडी सापडले. पहिल्याच दिवशी त्यांतले अनेक निकामी झाले. १४ मिलिमीटरच्या चिलखतावर ७५ मिलिमीटरचा गोळा लागल्यावर काय होते, हे सांगायला हवे असे नाही.

शेवटी कोंडी फोडली ती आरमाराने. ‘अँथनी’ या विनाशिकेने रात्रीच्या अंधारात ५० मरीन सैनिक थेट बंदराच्या आत उतरवले. समोरून पायदळाचा हल्ला, पाठीमागे हे पन्नासजण. ७ मे पर्यंत शहर हाती आले. स्क्वॉड्रनचे उरलेले सैनिक पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला भारतात आले.

मादागास्करने एक धडा दिला. हलका रणगाडा कितीही चपळ असो, तयार मोर्च्यावर एकटा धाडू नये. त्याचे काम शत्रूची अपेक्षा नसलेल्या ठिकाणी, शत्रू सावरण्याच्या आत पोचणे.

आकाशातून

१९४० च्या जूनमध्ये विन्स्टन चर्चिल यांनी निदान पाच हजार छत्रीसैनिकांचे दल उभारावे असा आदेश दिला होता. असे दल उतरते शत्रूच्या मागे, हातात रायफली आणि हलकी हत्यारे घेऊन. त्याच्यावर चिलखती तुकडी चालून आली तर ते काही तासांत चिरडले जाऊ शकते. १९४१ च्या आरंभी वॉर ऑफिसने ठरवले की या दलाला हवाईमार्गे रणगाडा द्यायचा. उपलब्ध रणगाड्यांत उचलता येईल असा टेट्रार्क होता, आणि तो वापराविना पडून होता.

एरवी विमानाच्या मापाने सामान ठरते. इथे रणगाड्याच्या मापाने विमान आखले गेले. जनरल एअरक्राफ्ट या कंपनीने टेट्रार्क आत मावेल असा हॅमिलकार हा लाकडी ग्लायडर बनवला. पंखांची लांबी ३३ मीटरहून जास्त, स्वतःचे रिकामे वजन सुमारे आठ टन आणि जवळपास तेवढेच सामान वाहण्याची ताकद. इंजिन नाही. चार इंजिनांचे हॅलिफॅक्स बाँबफेकी विमान दोर बांधून त्याला ओढत नेई आणि ठिकाण आले की वैमानिक दोर सोडून खाली उतरे. मार्च १९४२ मध्ये पहिला हॅमिलकार उडाला. असे ३४४ ग्लायडर बनले.

ग्लायडर जमिनीवर टेकला की तो शत्रूच्या तोफांना आयते लक्ष्य. त्यामुळे रणगाडा क्षणात बाहेर पडला पाहिजे. यासाठी रणगाड्याचे इंजिन हवेतच, उतरण्याआधी सुरू केले जाई. धूर बाहेर जावा म्हणून धुराड्याला तात्पुरत्या नळ्या जोडलेल्या असत. रणगाडा पुढे सरकला की त्याला बांधलेल्या दोरीनेच ग्लायडरच्या नाकाचे दार उघडे आणि तो सरळ बाहेर पडे. तिघे सैनिक प्रवासभर रणगाड्यात बसून असत, आणि कमांडर वैमानिकाशी तारेने जोडलेला असे.

१९४४ च्या जानेवारीत सहाव्या हवाई डिव्हिजनसाठी चिलखती टेहळणी रेजिमेंट उभी राहिली. ६ जूनच्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या टॅरंट रश्टन तळावरून हॅमिलकार निघाले. त्यांच्यात वीस टेट्रार्क होते. डिव्हिजनचे छत्रीसैनिक आदल्या मध्यरात्रीपासून ऑर्न नदीच्या पूर्वेला लढत होते. संपूर्ण आक्रमणाची डावी बाजू त्यांना सांभाळायची होती, आणि त्यांच्या जवळच २१ वी जर्मन पँझर डिव्हिजन होती.

प्रवासातच एका ग्लायडरमधला रणगाडा बंध तोडून नाक फोडून बाहेर पडला, आणि ग्लायडर माणसांसह खाडीत कोसळला. रांव्हिलजवळच्या शेतांत बाकीचे उतरले, तेव्हा दोन ग्लायडर एकमेकांवर आदळून आतल्या रणगाड्यांसह नष्ट झाले. आणखी एका ग्लायडरने बाहेर पडत असलेल्या रणगाड्याला धडक देऊन उलटे केले. मग एक अनपेक्षित अडचण आली. आदल्या रात्री उतरलेल्यांच्या छत्र्या शेतभर पडलेल्या होत्या. त्यांच्या दोऱ्या पट्ट्यांच्या दातेरी चाकांत गुंडाळल्या गेल्या आणि रणगाडे जागीच अडकले. गोळीबारात बसून सैनिकांनी त्या कापून काढल्या.

यातून जे सुटले ते लगेच कामाला लागले. बोआ द बावाँच्या जंगलाच्या परिसरात त्यांनी छत्रीसैनिकांना साथ दिली, रस्त्यांची टेहळणी केली. जर्मन पँझर-४ चे समोरचे चिलखत तेव्हा ८० मिलिमीटरपर्यंत गेले होते. त्याच्याशी सरळ लढत देणे टेट्रार्कच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि अधिकाऱ्यांनी ते ओळखून त्यांना टेहळणी आणि पायदळाचा आधार या कामांवर ठेवले. ऑगस्टपर्यंत रेजिमेंटमधल्या बहुतेकांची जागा समुद्रमार्गे आलेल्या क्रॉमवेल रणगाड्यांनी घेतली. पण त्या पहिल्या दिवसांत, नदीच्या पूर्वेला आजूबाजूला शत्रू असताना, छत्रीसैनिकांना आपल्यामागे आपला रणगाडा आहे हे कळणे ही लहान गोष्ट नव्हती. ६ जूनच्या संध्याकाळी ग्लायडरांचा तो अफाट ताफा डोक्यावरून जाताना पाहून किनाऱ्यापर्यंत आलेली जर्मन पँझर तुकडीही आपली वाट कापली जाईल या भीतीने मागे फिरली.

हलकेपणाचा वारसा

टेट्रार्कनंतर अमेरिकेने खास हवाईमार्गे उतरणाऱ्या सैन्यासाठी लोकस्ट हा हलका रणगाडा बनवला. मार्च १९४५ मध्ये ऱ्हाइन नदीपलीकडे उतरलेल्या ब्रिटिश सैन्यासोबत आठ लोकस्ट हॅमिलकारमधून गेले. त्यांतले चारच ठरल्या जागी पोचले. युद्ध संपले आणि ग्लायडरांचा जमानाही संपला. टेट्रार्क १९४९ च्या सुमारास सेवेतून बाहेर पडला. आज त्याचे नमुने इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात आणि रशियात मॉस्कोजवळच्या कुबिंका संग्रहालयात पाहायला मिळतात.

त्याने उभा केलेला प्रश्न मात्र अजून जिवंत आहे. मागच्या बाजूने रुंद दार उघडणारी मालवाहू विमाने आली आणि रणगाडा विमानाने नेणे ही गोष्ट जगभर शक्य कोटीतली झाली. १९८९ मध्ये पनामात अमेरिकेने शेरिडन हे हलके रणगाडे छत्रीने लढाईत उतरवले. भारताने तर हा मार्ग त्याआधी सत्तावीस वर्षे, अधिक कठीण ठिकाणी धरला होता. चीनशी युद्ध पेटलेले असताना, ऑक्टोबर १९६२ मध्ये वायुसेनेच्या एएन-१२ विमानांनी २० लान्सर्स रेजिमेंटचे सहा एएमएक्स-१३ रणगाडे लडाखमधल्या चुशुलला उतरवले. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंच असलेल्या त्या धावपट्टीवर जड रणगाडा नेण्याचा विचारही शक्य नव्हता. पंधरा टनांचा एएमएक्स-१३ तिथे पोचू शकला. त्याच लडाखच्या उंचीसाठी डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रो यांनी आखलेला सुमारे पंचवीस टनांचा ‘जोरावर’ २०२४ मध्ये पुढे आला, तो याच विचाराच्या वाटेवर.

या सगळ्यांचे चिलखत जड रणगाड्यांच्या तुलनेत पातळ आहे, तोफा मर्यादित आहेत, आणि जड रणगाड्यासमोर ते उणे पडणार हे त्यांच्या आखणीकारांना माहीत असते. तरीही देश ते बनवत राहतात. रणगाड्याची ताकद चिलखताच्या जाडीत मोजण्याची सवय आपल्याला लागलेली आहे, पण लढाईच्या पहिल्या तासात सर्वांत उपयोगी रणगाडा तोच, जो त्या जागी हजर असतो. डोंगरमाथ्यावर, समुद्रापलीकडे, शत्रूच्या पाठीमागे जड रणगाडा पोचेपर्यंत निकाल लागून गेलेला असतो. टेट्रार्कच्या तिघा सैनिकांनी हा हिशोब आपल्या जिवावर मांडून दाखवला. त्यांच्या यंत्राला मोठ्या लढायांच्या यादीत स्थान नसले, तरी रणगाडा कुठे-कुठे पोचू शकतो याची सीमा पाण्यावर आणि आकाशात त्याने पुढे सरकवली, आणि त्यासाठी तो आदराने लक्षात ठेवण्याजोगा आहे.